तबकडीच्या पाठीवरचं नाव

१२ जानेवारी, सोमवार

तळपायाची आग मस्तकात गेली आहे आणि दुपार कलली तरी उतरायचं नाव नाही. लेकीने ही वही वाढदिवसाला दिली तेव्हा म्हणाली होती, "आई, घरात ओरडण्यापेक्षा यात ओरड." चार महिने कोरीच होती. आज मुहूर्त लागला.

सकाळी त्या खासगी संग्रहालयाच्या बाई आल्या. बरोबर त्यांचे नवे सल्लागार. त्यांच्या गळ्यात दोरीला भिंग, आणि बोलताना ते कुरवाळायची सवय. मी मनातल्या मनात त्यांचं नाव भिंगवाले ठेवून टाकलं. त्यांनी कापसात गुंडाळलेली चिनीमातीची तबकडी माझ्या टेबलावर ठेवली. लांबट गोल, तळहाताएवढी, तिच्यावर एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा.

मी बघताक्षणी ओळखलं. अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडे एक जुनी फ्रेंच पेटी दुरुस्तीला आली होती. दागिन्यांची पेटी, निळ्या चिनीमातीची, भोवती सोन्याचा मुलामा दिलेली पितळी वेलबुट्टी आणि दर्शनी बाजूला दोन चेहरे. उजवीकडे ही म्हातारी. डावी तबकडी पडून तिचा चुरा झाला होता, चेहऱ्याचा मागमूससुद्धा उरला नव्हता, म्हणून पेटीच्या मालकीणबाईंनी मला नवी करायला सांगितली. मी केली. तरुण बाई, केसांत निळी फीत. पाच वेळा भट्टीत घातली तेव्हा मनासारखी झाली.

आता भिंगवाल्यांचं ऐका. "डावी अस्सल आहे. अडीचशे वर्षांपूर्वीचा हात, शंकाच नको. ही उजवी मात्र कोणीतरी नंतर बसवलेली नक्कल. चिनीमाती बरी आहे, तेव्हा ॲसिडने हा चेहरा उतरवा आणि त्याच तबकडीवर डावीच्या तोडीचा नवा रंगवा. दोन फेब्रुवारीला प्रदर्शन आहे."

मी म्हटलं, "साहेब, उलटं झालंय. डावी मी केलीय."

ते हसले. "बाई, प्रत्येक कारागिराला कधी ना कधी असं वाटतंच."

"तिची पाठ बघा. माझं नाव आहे, साल आहे. भट्टीत भाजलेलं."

"पाठ मी स्वतः पाहिली. कोरी आहे."

कोरी! ज्या मास्तरांनी मला रंग शिकवला, त्यांचा पहिला नियम होता : नवं केलंस तर पाठीवर तसं लिही, नाहीतर तू कारागीर नव्हेस, चोर आहेस. चौतीस वर्षांत मी एक बशीसुद्धा नाव घातल्याशिवाय बाहेर जाऊ दिली नाही. आणि हा गृहस्थ मला सांगतो, कोरी.

हे शेजारच्या टेबलाशी एक पितळी मूठ घासत बसले होते. आमच्या कारखान्यात रंग माझा आणि धातू यांचा. मी तबकडी करते, हे ती चौकटीत बसवून मागच्या चार पितळी पाकळ्या वाकवून टाकतात. त्या डावीच्या मोडक्या पाकळ्या काढून यांनी नव्या लावल्या होत्या. एवढं रामायण झालं तरी यांनी मान वर केली नाही. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "जाऊ दे गं. पण अडीचशे वर्षांपूर्वीचा हात म्हणाला बघ तुला." आणि न मागता चहा करून दिला. घरात निदान एक माणूस तरी माझ्या बाजूचा आहे.

१३ जानेवारी

चोर कोण ते मला माहीत आहे. मालकीणबाई वारल्यावर त्यांच्या मुलांनी ती पेटी जुन्या वस्तूंच्या दुकानदारामार्फत संग्रहालयाला दिली. त्या दुकानदारानेच नाव घासून "अस्सल" म्हणून खपवली, दुसरं काय! सरळ त्याच्या दुकानात गेले. दोन गिऱ्हाइकं आरसा बघत होती. त्यांच्यादेखत म्हटलं, "पाठीवरचं नाव घासायला लाज नाही वाटली?"

तो बिचारा स्टुलावरून उठला. बिचारा कसला, पण चेहरा तसा केला होता. म्हणाला, "ताई, पेटी माझ्याकडे जेमतेम आठवडाभर होती. मी तिचं कुलूपही उघडलं नाही, तबकडी कुठली काढणार? मला पाकळ्या वाकवता आल्या असत्या तर तुमच्या यजमानांचे पाय धरायला आलो असतो का दर वेळी?"

चोराच्या उलट्या बोंबा. मी त्याला चांगलं खडसावून घरी आले. यांना सगळं सांगितलं तर म्हणाले, "त्याला कशाला बोललीस? तो तसा माणूस नाही." यांना सगळं जगच सज्जन दिसतं.

१५ जानेवारी

म्हातारी टेबलावर आहे. तिच्याकडे बघत दोन दिवस दुसरं काम करते आहे, होत नाही.

हिला नक्कल म्हणतात! नक्कल करणारा माणूस खुशामत करतो, गाल गुलाबी करतो, मान लांब करतो. ज्याने हिला रंगवलं त्याने दुहेरी हनुवटी तशीच ठेवली आहे. डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक. ओठ असे मिटलेले की चित्रकाराला आत्ता काहीतरी सुनावून झालंय. हिच्यासमोर बसून रंगवल्याशिवाय असं येत नाही. आणि हे सगळं मी माझ्या हाताने ॲसिडने उतरवायचं.

भिंगवाले म्हणाले, डावी जास्त देखणी म्हणून अस्सल. हे कुठलं शास्त्र? देखणी झाली होती हे खरं. मास्तर सांगायचे, जोडीतली एक नवी करायची असेल तर शेजारणीपेक्षा सुंदर करू नकोस, पाहुणीने घरच्या बाईला झाकू नये. मी झाकलं नव्हतं. त्या दिवसांत हात चांगला चालत होता एवढंच. फितीवरची चमक जरा जास्त झाली असेल. गालही. असो, मुद्दा तो नाही.

१७ जानेवारी, शनिवार

संग्रहालयात जाऊन आले. संग्रहालयाच्या बाई भल्या आहेत, त्यांनी पेटी मागच्या खोलीत मागवली आणि डावी तबकडी काढून माझ्या हातात दिली. अकरा वर्षांनी भेटली. खोटं कशाला लिहू, क्षणभर भांडण विसरले. फितीची घडी काय जमली आहे!

मग उलटी केली. कोरी. डोळे मिटून बोट फिरवलं. खाली उजव्या अंगाला, जिथे मी नाव घालते तिथे, बोटाला किंचित खरखर लागली. कुरुंदाच्या दगडाने घासून नंतर पॉलिश केलेलं. सफाईने केलंय, घाईचं काम नाही.

मी ते दाखवलं. भिंगवाल्यांनी भिंग लावलं आणि म्हणाले, "भट्टीतला दोष." मी म्हटलं, "भट्टी मी चौतीस वर्षं लावतेय, दोष मला शिकवू नका." तर म्हणाले, "बाई, ही तबकडी तुमच्या त्या अकरा वर्षांत कोणी काढलेलीच नाही. पाकळ्या बघा. पितळ दुसऱ्यांदा वाकवलं की मोडीवर बारीक तडे जातात. आमच्या माणसाने पहिल्यांदा उघडल्या तेव्हा एकही तडा नव्हता. एकदा वाकवल्या, त्यानंतर थेट आम्हीच उघडल्या. मग नाव घासलं कोणी, भुताने?"

मी पिशवी उचलून निघाले. नाकाने कांदे सोलतो मेला. घरी येऊन यांना विचारलं, "पाकळ्या न वाकवता तबकडी काढता येते का हो?" हे म्हणाले, "जमत असेल एखाद्याला." मग पिशवी घेऊन दूध आणायला गेले. दोन पिशव्या दूध घरात होतं.

१८ जानेवारी

वन्सं आल्या होत्या. यांची थोरली बहीण, जीभ कात्रीसारखी, पण माझ्यावर जीव. सगळी हकिकत ऐकून घेतली, दुकानदाराला मी काय काय बोलले तेही. मग भावाकडे बघितलं. हे पाणी पिता पिता उठले आणि कारखान्यात गेले.

वन्सं म्हणाल्या, "काखेत कळसा नि गावाला वळसा, वहिनी."

मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. लहानपणी हा माझ्या चित्रावर मास्तरीणबाईंनी मारलेली फुली खोडून ठेवायचा. मला रडू येऊ नये म्हणून. मार मात्र मलाच बसायचा."

यांच्या लहानपणच्या गोष्टी ऐकायला मला आत्ता वेळ आहे का! वन्सं थकल्यात हल्ली, बोलता बोलता भलतीकडे जातात.

२० जानेवारी

म्हातारीला न्यायला कोणी आलेलं नाही, पण फोन आला : अठ्ठावीसपर्यंत नवा चेहरा हवा. तुम्ही केलं नाहीत तर दुसरीकडे देऊ. दुसरीकडे म्हणजे त्या नदीपलीकडच्या पोराकडे, तो विचार न करता ॲसिड ओतील.

मी मुद्दे लिहून काढते, म्हणजे भांडायला बरं.

एक. नाव मी घातलं होतं. भट्टीतून काढून स्वतः वाचलं होतं.

दोन. नाव दगडाने घासलं आहे, सफाईने, पॉलिश करून.

तीन. पाकळ्या एकदाच वाकल्या. म्हणजे नाव घासलं ते तबकडी चौकटीत बसायच्या आधी. माझ्या हातून सुटल्यावर आणि पाकळ्या वाकण्याच्या आधी. मधे कोण

मधे कोण हे लिहिता लिहिता हात थांबला.

अर्धा तास झाला. पलीकडून घासण्याचा आवाज येतो आहे. कुरुंदाचा दगड यांच्या खणात असतो, डावीकडच्या. चौतीस वर्षं तिथेच आहे.

२१ जानेवारी

विचारलं. सरळ विचारलं, "तुम्ही घासलंत?"

त्याने दगड खाली ठेवला. तो म्हणते आहे, आज हे म्हणवत नाही. म्हणाला, "हो."

मला वाटलं होतं नाही म्हणेल, मग ओरडता येईल. एका शब्दात हो म्हटल्यावर ओरडायचं कुठून सुरू करणार?

"का?"

"तू ती भट्टीतून काढलीस ना, मी त्या म्हातारीशेजारी धरून बघितली. तुझी सरस होती. शंभरदा बघितली, सरसच होती. आणि मागे लिहिलेलं, नवी. एकदा नवी म्हटलं की लोक चेहऱ्याकडे बघतच नाहीत गं. म्हणतात, हो हो, दुरुस्ती. मला ते नको होतं. एकदा तरी कोणीतरी नुसता चेहरा बघावा."

"माझं नाव घासून माझा मान वाढवलात?"

"मला तसं वाटलं."

"आणि मी त्या दुकानदाराला चारचौघांत चोर म्हटलं तेव्हा?"

दगडावरची पूड अंगठ्याने पुसत राहिला.

"आणि ही म्हातारी? तिचा चेहरा ॲसिडमध्ये जाणार, तेव्हाही गप्पच बसणार होतात?"

तेव्हा मात्र वर बघितलं. म्हणाला, "रोज सांगणार होतो. रोज वाटायचं, उद्या तूच भांडून जिंकशील."

माझ्या कामावर एवढा विश्वास, माझ्या तोंडावरही एवढा विश्वास, आणि माझ्या नावावर दगड! मी ताट वाढलं आणि वन्संकडे निघून आले. ही नोंद त्यांच्या गॅलरीत बसून लिहिते आहे.

२३ जानेवारी

दुकानदाराकडे जाऊन माफी मागितली. त्याच आरशाजवळ, गिऱ्हाईक असताना, कारण बोलले होते तेही गिऱ्हाइकादेखत. तो म्हणाला, "ताई, तुम्ही आलात यात सगळं आलं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर येऊन नवऱ्यावर दुप्पट राग आला, कारण माफीही माझ्याच वाट्याला. दोन तासांनी दुकानदाराचा फोन : यजमानही येऊन गेले, बराच वेळ उभे होते, काही बोलले नाहीत, दाराची बिजागरी नीट करून गेले.

वन्सं हसल्या. मी नाही हसले.

२४ जानेवारी

घरी आले. भट्टी वाट बघत नाही. बोलणं बंद आहे. "मीठ" आणि "किल्ली" एवढेच शब्द झाले.

काल वन्संनी एक विचारलं ते खुपतंय. "अडीचशे वर्षांपूर्वीचा हात म्हणाले तेव्हा तुला आतून जरासुद्धा गुदगुल्या झाल्या नाहीत?" झाल्या. लिहून टाकते, ही वही ओरडायलाच आहे. झाल्या. शेजारणीपेक्षा सुंदर मी मुद्दामच केली होती, आणि कोणीतरी ते ओळखावं असंही वाटलं होतं. पण मी नाव घालून केली होती. एवढा फरक आहे, आणि तो फरक मी सोडणार नाही.

म्हातारीकडे बघवत नाही हल्ली. अस्सल म्हणून तिची जागा माझ्या फितीने घेतली.

२७ जानेवारी, मंगळवार

आम्ही दोघं संग्रहालयात गेलो. मी रंगांची पेटी, कुंचले, एक पांढरी फरशी आणि कापसात गुंडाळलेली म्हातारी बरोबर नेली होती. यांना काय न्यायचं ते मी सांगितलं नव्हतं. यांनी कुरुंदाचा दगड रुमालात बांधून आणला होता.

हे उभ्या उभ्या बोलले, "नाव होतं. मी घासलं. या दगडाने." बस्स. घाम फुटला होता.

भिंगवाल्यांनी दगड बघितला, यांना बघितलं, आणि संग्रहालयाच्या बाईंना म्हणाले, "नवराबायकोचं ठरलेलं दिसतंय. पाठ घासलीय एवढंच फार तर सिद्ध होईल. हा हात आजच्या माणसाचा नाही."

मी म्हटलं, "खुर्ची द्या."

बाईंनी स्वतः खुर्ची सरकवली. मी फरशी पुढ्यात घेतली. डावी तबकडी उलटी करून ठेवायला लावली, म्हणजे बघून काढलं असं कोणी म्हणायला नको. आणि कान काढला. त्या तरुण बाईचा कान, त्याच्यावरून आलेली बट आणि फितीचं टोक. कान मी नेहमी पाळीपासून काढते, वरून नाही. मास्तरांनाही ते आवडायचं नाही, पण माझा हात तसाच जातो. पंधरा-वीस मिनिटं लागली असतील. भिंगवाले तेवढा वेळ भिंगाची दोरी कुरवाळत होते.

बाईंनी तबकडी सुलटी करून फरशीशेजारी ठेवली. भिंगवाल्यांनी एकदा इकडे, एकदा तिकडे भिंग लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मग भिंग खिशात घातलं.

मी म्हटलं, "आता म्हातारीचा कान बघा. तो वरून खाली आलाय. तो माझा नाही, तो तिच्या चित्रकाराचा."

बाई म्हणाल्या, "उजवी तबकडी आम्ही आजच परत ठेवून घेतो. तिला कोणी हात लावणार नाही."

म्हातारी कापसात गेली. ओठ तसेच, सुनावल्यासारखे. मला एकदम रडू आलं, तेही भिंगवाल्यांसमोर. त्याचा राग अजून आहे.

२९ जानेवारी

संग्रहालयातून फोनवर मजकूर वाचून दाखवला, पेटीशेजारी लावायच्या पाटीचा. "उजवी : मूळ. डावी : नंतर केलेली, कारागीर अज्ञात."

मी म्हटलं, "अज्ञात? परवा तुमच्या खुर्चीत बसून गेले ती कोण?"

भिंगवाले फोनवर आले. आवाज आता साखरेत घोळलेला. "बाई, मला मान्य आहे, पण नियम आहे. वस्तूवर जे आहे तेच आम्ही लिहितो. तोंडी सांगितलेलं नाही लिहिता येत. वस्तूवर तुमचं नाव नाही."

वस्तूवर माझं नाव नाही! चौतीस वर्षं मी नियम पाळला, आणि तोच नियम माझ्या अंगावर आला. आणि यात भिंगवाल्याचं चूक काय ते मला सापडेना, म्हणून आणखी संताप. फोन खाली ठेवला तेव्हा हे दारात उभे होते. सगळं ऐकलं होतं. तोंड पांढरंफटक.

मी परत फोन लावला, थेट बाईंना. "डावी मला दोन दिवस द्या. वस्तूवर नाव येईल." बाई म्हणाल्या, "शनिवारी संध्याकाळपर्यंत परत हवी."

३० जानेवारी, शुक्रवार

तबकडी आली, चौकटीसकट. रंग घोटला, काळा, तेलात. कुंचला बारीक निवडला. आणि यांना हाक मारली.

"बसा. लिहा."

"मी?"

"घासलंत तुम्ही. लिहा तुम्ही."

"अगं माझं अक्षर..."

"मला माहीत आहे तुमचं अक्षर."

बसले. चौतीस वर्षांत या माणसाने मला नावाने हाक मारलेली नाही, अगं आणि अहो यातच जन्म गेला. लिहिताना ओठ हलत होते, नाव पुटपुटत होते. पहिलं अक्षर दोनदा पुसलं. हातोडी धरणारे हात, कुंचला म्हणजे यांना वाळ्याची काडी. साल कुठलं घालू, विचारलं. मी म्हटलं, "केली ते साल."

मी भट्टी साफ करायला आत गेले. बघत उभी राहिले असते तर मलाच लिहावंसं वाटलं असतं. परत आले तेव्हा तबकडी जाळीवर ठेवलेली होती, पाठ खाली न टेकता, जशी ठेवायची तशी. मी बेताच्या आचेवर भट्टी लावली. दुसरा कोणताही रंग पोळता कामा नये एवढीच काळजी.

३१ जानेवारी, शनिवार

सकाळी भट्टी उघडली. चेहरा ठीक आहे, फीत ठीक आहे. उलटी केली.

माझं नाव. वाकडं, एक अक्षर मोठं, एक लहान, आडवी रेघ चढावर गेलेली. साल बरोबर. आणि त्याखाली, मी न सांगता, मुंगीच्या अक्षरात : "आधीचं नाव मी घासलं होतं." आणि खाली यांचं स्वतःचं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

भाजलेलं. आता दगडाशिवाय निघायचं नाही.

भिंगवाल्यांना हे सगळं पाटीवर लिहावं लागेल, वस्तूवर आहे म्हणून. लोक वाचतील. हे माझ्या मागे उभे होते, ओरडण्याची वाट बघत. मला ओरडायचंच होतं, अक्षर खरोखर भयंकर आहे.

मी तबकडी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "पाकळ्या वाकवा. आणि या वेळी आधी मला दाखवा."